उणे साठ

१

परतूरच्या बाहेर, आष्टीच्या रस्त्याला एक जिनिंग आहे, कापसातली सरकी काढायचा कारखाना. फाटकातून आत शिरलं की पहिल्यांदा लागतो तो काटा. काटा म्हणजे जमिनीबरोबर बसवलेली लांबलचक लोखंडी प्लेट, आणि शेजारी आठ बाय आठची केबिन. कापसाची गाडी भरून येते, प्लेटवर चढते, तोलली जाते. कापूस टाकून रिकामी येते, पुन्हा तोलली जाते. दोन आकड्यांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा कापूस. शाळेतल्या पोराला जमेल असं काम. आणि एवढ्या सोप्या कामात सोमेश्वरची इज्जत कशी पणाला लागली, तेच सांगायचं आहे.

सोमेश्वर आधी टेम्पो चालवायचा. गुडघा मोडला आणि ते सुटलं. जिनिंगचे मॅनेजर बद्रीनाथ नाना ओळखीतले. त्यांनी दसऱ्याला त्याला काट्यावर बसवलं, आणि बसवतानाच सांगितलं, "सोमेश्वर, पाय गेला तरी माणूस जगतो. पण काट्यावरच्या माणसावर एकदा चोर म्हणून शिक्का बसला ना, की मंग तालुक्यात त्याला कुणी उभं करत न्हाई." सोमेश्वरनं ते मनावर घेतलं होतं.

केबिनमधला कॉम्प्युटर जुनापुराणा. पण त्याला मागं सिरीयल पोर्ट होता, नऊ टाचण्यांचं सॉकेट, आणि काट्याची तार नेमकी त्यातच बसायची. नव्या कॉम्प्युटरला हे सॉकेटच नसतं, म्हणून हा टिकून होता. केबिनचा इन्व्हर्टर मरतुकडा, म्हणून जालन्याच्या काटा-मेकॅनिक सुमितनं युक्ती करून दिली होती. गाडी नसली की कॉम्प्युटर दहा मिनिटांत झोपायचा. प्लेटवर काही चढलं किंवा प्लेटवरून काही उतरलं की तारेतून आकडा यायचा आणि कॉम्प्युटर जागा व्हायचा. आधी आत खट् व्हायचं, मग पंखा घरघरायचा, मग स्क्रीनवर मोठ्ठा हिरवा आकडा. सोमेश्वरला ते फार आवडायचं. राजनंदिनीला, म्हणजे बायकोला, त्यानं कौतुकानं सांगितलंही होतं की आमचा कॉम्प्युटर बाई चांगला, कामापुरता उठतो.

सकाळी आल्या आल्या तो पहिलं काम करायचा ते झिरो मारायचं. रात्रीतून प्लेटवर माती, चिखल, काहीबाही पडलेलं असतं, आणि काटा सकाळी नव्यानं चालू केला की तेही वजनात धरतो. झिरोचं बटण दाबलं की काटा ते नसल्यात जमा धरतो आणि शून्यापासून मोजायला लागतो. मग कुणी तो चिखल झाडून काढला तर स्क्रीनवर उणे दहा येतं. जे होतं ते उतरलं, एवढाच त्याचा अर्थ. सगळे काटेवाले झिरो मारतात. आधी किती आकडा होता ते कुणी बघत बसत नाही.

आणि संध्याकाळी जाताना तो आपली स्कूटी प्लेटवरून काढायचा. स्कूटी आणि तो मिळून एकशे सत्तर. फाटकावरचा तातेराव खिडकीतून बघून ओरडायचा, "एकशे सत्तर! जावा घरी!" काटा बरोबर आहे, दिवस संपला. घरी सात वर्षांची आकांक्षा चपला घालून दारात तयार असायची. बाप आला की पळत येऊन मागच्या सीटवर बसायची आणि मारुतीच्या देवळापर्यंत एक चक्कर झाल्याशिवाय खाली उतरायची नाही.

२

डिसेंबरातला मंगळवार होता. दुपारी पावणेदोन. जेवणाची सुट्टी, फाटकाला कुलूप, मशिनी बंद. मशिनी बंद झाल्या की जिनिंगमध्ये अशी शांतता होते की आपलाच घास आपल्याला ऐकू येतो. सोमेश्वर ठेचा-भाकरी खात होता. कॉम्प्युटर झोपलेला.

खट्.

पंखा घरघरला. स्क्रीन उजळली. उणे साठ.

त्यानं मान वर करून खिडकीतून बघितलं. प्लेट मोकळी. कुत्रंसुद्धा नव्हतं. त्याला वाटलं, तारेत उंदीर शिरला. भाकरी संपली, हात धुतले, कॉम्प्युटर पुन्हा झोपला. सव्वादोनला पुन्हा खट्. स्क्रीनवर शून्य.

बुधवारी तसंच. गुरुवारी तसंच. पावणेदोनला उणे साठ, सव्वादोनला शून्य. उंदराला इतकी वेळ कळत नाही, हे सोमेश्वरलाही समजत होतं. कुणीतरी आपल्यावर डाव टाकतंय, असं त्याच्या मनानं घेतलं. आणि मनानं एकदा घेतलं की संशय घ्यायला माणूस काय, आधीच तयार असतो.

तातेराव. त्याचा भाचा बारावी होऊन घरी बसला होता, आणि काट्याची खुर्ची बघून तातेराव दोनदा म्हणाला होता, "बसून खायाचं काम आहे बाबा तुमचं." शुक्रवारी जेवायच्या वेळेला सोमेश्वर डबा न उघडता खिडकीशी उभा राहिला. तातेराव समोर लिंबाखाली, शंभर पावलांवर, बाकीच्या मंडळींबरोबर जेवत होता. दोन्ही हात दिसत होते, एका हातात कांदा. मागं खट् झालं.

सोमेश्वरनं वळून स्क्रीन बघितली नाही. आकडा त्याला माहीत होता.

३

शनिवारी सुमित आला. त्यानं तार बदलली, सॉकेट पुसलं, प्लेटखालच्या खड्ड्यात टॉर्च घेऊन उतरला.

"सगळं ओके आहे सोमेश्वरभाऊ."

"मंग हा आपुन होऊन काहून उठतो?"

"आपुन होऊन उठत न्हाई हा. उठूच शकत न्हाई. तारेतून हाक आली तरच उठतो. प्लेटवर वजन हलल्याबिगर तार हाक देत न्हाई."

"प्लेटवर तर कुणीच नसतं."

सुमित हसला आणि पाना पिशवीत टाकला. "मंग तुम्ही जेवताना झोपत असाल थोडं."

तो जातो न जातो तोच फाटकात आरडाओरडा झाला. जांब समर्थचा धर्मराज, हातात दोन पावत्या. गुरुवारी त्याची गाडी भर जेवणाच्या वेळेला आली होती. लग्नघर होतं, घाई होती, म्हणून सोमेश्वरनं दया करून फाटक उघडायला लावलं आणि सुट्टीतच भरलेली गाडी तोलली. रिकामी तीन वाजता तोलली. धर्मराजनं मात्र येतानाच बाजारातल्या काट्यावर तोलून आणली होती.

"साठ किलो! साठ किलो कापूस कुठं गेला माझा? चिप बसवलीय ह्यानं काट्यात! लंगडा म्हणून दया करावं तर हा काटा मारून राह्यला!"

वीस-पंचवीस माणसं गोळा झाली. सोमेश्वरनं पावत्या हातात घेऊन आकडे ताडून बघितले. साठ किलो बरोबरच होते. भरलेली गाडी चढली तेव्हा काटा उणे साठवर होता.

नाना सगळ्यांना शांत करून केबिनमध्ये आले आणि दार लोटलं. "बुधवारी वजनमापवाले साहेब येतील. काटा बराबर निघाला तर तुझं नाव मी सोता चारचौघांत साफ करीन. काट्यात काही निघालं तर," ते दाराकडे वळले, "तर मंग माझ्याकडं बघू नको."

"नाना, आईची आन, मी काही केलं न्हाई."

"तसंच असू दे बाबा," नाना म्हणाले. पण ते त्याच्याकडे बघत नव्हते.

४

त्याच्या आधी काट्यावर म्हस्कू होता. सहा वर्षं बसला आणि एक दिवस डबासुद्धा न नेता निघून गेला. आता अंकुशनगरला साखर कारखान्यात होता. रविवारी सोमेश्वर त्याच्याकडे गेला. मनात एकच, ह्यानंच जाताना काहीतरी करून ठेवलं असणार.

म्हस्कू अंगणात बसला होता. पन्नाशीचा, वाळलेला. त्याची बायको जयवंताबाई चहा ठेवायला आत गेली. अंगणाच्या कोपऱ्यात एक मोटारसायकल ताडपत्रीखाली होती, चाकांभोवती गवत वाढलेलं.

"कारखान्यात बी काट्यावरच आहात का, म्हस्कूभाऊ?"

"काट्यावर न्हाई. उसाच्या मोळ्या मोजतो."

सोमेश्वरनं सगळं सांगितलं. शेवटी म्हस्कू म्हणाला, "सकाळी काटा किती दाखवतो?"

"शून्य."

"झिरो मारायच्या आधी?"

सोमेश्वर आठवायला लागला. अडीच महिन्यांत त्यानं एकदाही बघितलं नव्हतं.

"साठ दाखवतो," म्हस्कू म्हणाला. "मी बसून राह्यचो. धा मिन्टं, पंधरा मिन्टं. गाड्या वाजवू द्यायच्या हॉर्न. उतरलं की आपुन होऊन शून्य यायचं. मंग काम सुरू. पुन्हा दिवसभर तरास न्हाई."

"उतरलं म्हंजे? कोण उतरलं?"

"मी खिडकीतून बघत नव्हतो."

"भाऊ, असं काय बोलून राह्यले तुम्ही? माझी इज्जत चाललीय हितं."

"मंग नीट ऐक. बसलेलं असताना झिरो मारू नको. बसलेल्याला नसल्यात जमा करू नको, एवढंच मला कळतं. माझ्याकडून बी एकदा घाईत मारला गेल्ता." तो पुढं काही बोलणार, तेवढ्यात जयवंताबाई चहा घेऊन आली आणि तिनं नवऱ्याकडे असं बघितलं की त्यानं तोंड मिटलं.

सोमेश्वरला राग आला. येडा झालाय म्हातारा, नाहीतर मला येड्यात काढतोय. निघताना उगीच बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "गाडी बंद पडली का?"

"गाडी चांगली आहे," जयवंताबाई म्हणाली. "आम्ही पायीच जातो."

५

सोमवारी तो सातलाच आला. थंडी मी म्हणत होती, प्लेटवर दव साचलं होतं. त्यानं कॉम्प्युटर चालू केला. झिरोच्या बटणावर सवयीनं गेलेलं बोट त्यानं आवरलं आणि आकडा बघितला.

साठ.

तो बाहेर आला. दार धरून उभा राहिला, पुढं गेला नाही. सगळी प्लेट दवानं पांढुरकी झाली होती. फक्त मधोमध एक जागा कोरडी, काळी. माणूस उकिडवा बसला तर जेवढी अडेल तेवढी. त्या जागेपासून दवावर पाऊलखूण कुठंच गेलेली नव्हती.

गाय बसली असंल, त्यानं स्वतःला सांगितलं. गाय साठ किलोची नसते, हे त्याला टेम्पोवर असल्यापासून माहीत होतं. वासरू असंल. वासरू उठून गेलं तर आकड्यात अजून कसं आहे, ह्याचं उत्तर त्यानं शोधलं नाही. आत जाऊन खुर्चीत बसला, खिडकीकडे पाठ करून.

कॉम्प्युटर झोपला. बाहेर दोन ट्रॅक्टर येऊन हॉर्न वाजवायला लागले. तो बसून राहिला. आणि मग खट्, घरघर, शून्य.

त्या दिवशी दुपारी पावणेदोन वाजून गेले, कॉम्प्युटर झोपलेलाच राहिला. मंगळवारीही तसंच. एकही तक्रार नाही. सोमेश्वरला दोन दिवस पोटभर जेवण गेलं. त्यानं आकांक्षाला देवळाला दोन चकरा मारून आणल्या. म्हस्कू येडा असेल तर असू दे, आपलं काम झालं.

६

बुधवारी साहेब नवाचे आठलाच आले. मागं एक ट्रक, त्यात वीस-वीस किलोची मापं रचलेली. साहेबांना पुढं मंठ्याला जायचं होतं. धर्मराज चार माणसं घेऊन हजर होता. तातेराव फाटक सोडून केबिनच्या खिडकीशी आला होता.

स्क्रीनवर साठ होतं. सोमेश्वर एक तास झाला माऊस हलवत, कॉम्प्युटर जागा ठेवून बसला होता आणि ते उतरत नव्हतं.

"चला, सुरू करा," साहेब बाहेरून म्हणाले.

"पाच मिन्टं, साहेब."

नाना आत आले. त्यांनी मोकळी प्लेट बघितली, मग स्क्रीन बघितली. त्यांचा चेहरा पडला. "हे साठ कशाचे?" ते एकदम हळू बोलले. "सोमेश्वर, हे साठ कशाचे?"

"नाना, थोडं थांबा. उतरंल आता."

"काय उतरंल? साहेब आत आले आणि त्यांनी हे बघितलं तर तुझं काय होईल, कळतं का तुला? माती असंल! झिरो मार!"

पायऱ्यांवर साहेबांचे बूट वाजले. मागून धर्मराजचा आवाज, "चिप काढत असंल आतमधी!" सोमेश्वरच्या डोळ्यांपुढं जांब समर्थपासून परतूरपर्यंतची माणसं आली, बोट दाखवणारी. शाळेत आकांक्षाला चिडवणारी पोरं आली. त्यानं झिरो मारला.

साहेब आत शिरले तेव्हा स्क्रीनवर शून्य होतं.

मापं चढली. पाचशे म्हणजे पाचशे, हजार म्हणजे हजार. दीडपर्यंत सगळे कोपरे तपासले, एका किलोचाही फरक नाही. "काटा उत्तम आहे," साहेब म्हणाले. "जेवून येतो आणि सील मारतो." सगळे नानांच्या ऑफिसकडे गेले. सोमेश्वर केबिनमध्ये एकटा राहिला. डबा उघडायची त्याला इच्छा झाली नाही.

पावणेदोनला खट् झालं.

उणे साठ.

तो माऊस हलवत स्क्रीनकडे बघत बसला. सव्वादोनला शून्य येईल, रोज यायचं. सव्वादोन झाले. अडीच झाले. जे उतरलं होतं ते परत चढलं नाही. मशिनी बंद, लिंबाखाली कुणी नाही. तेवढ्या शांततेत खिडकीच्या खाली, जिथं तो रोज स्कूटी लावायचा, तिथं स्प्रिंग दबल्यासारखं बारीक कुरकुरलं.

मांजर, तो मनाशी म्हणाला. तोंडानं पण म्हणाला, "मांजर."

साहेब ढेकर देत येताना दिसले. स्क्रीनवर उणे साठ होतं. आता सांगायचं तरी काय, आणि कुणाला? त्यानं पुन्हा झिरो मारला.

७

चार वाजता सील लागलं. नानांनी शब्द पाळला, चारचौघांत बोलले, "बघा मंडळी, काटा बराबर आहे. सोमेश्वरवर कुणी बोट उचलायचं काम न्हाई." धर्मराज पुढं आला, हात जोडले, "माझ्याकडून चुकीचं बोलल्या गेलं. माफी असावी." चार दिवसांत पहिल्यांदा नाना त्याच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "जाय आज लवकर घरी. पोरीला पेढे घेऊन जाय."

त्यानं स्कूटी काढली आणि रोजच्यासारखी प्लेटवर आणून उभी केली. खिडकीत आज तातेरावच्या जागी नाना होते, शेजारी साहेब.

आतून पंख्याची घरघर ऐकू आली.

"दोनशे तीस!" नाना ओरडले आणि हसायला लागले. "कुणाला डबलसीट घेतलं का काय रे?"

मंडळी हसली. तातेराव तेवढा हसला नाही. रोजचा आकडा त्याला पाठ होता. तो सोमेश्वरकडे बघायचं सोडून त्याच्या मागं बघायला लागला.

"किती भरतं रोज, गाडीसकट?" साहेबांनी सहज विचारलं. सीलची पक्कड अजून त्यांच्या हातात होती. धर्मराज एक पाऊल पुढं सरकला.

एकशे सत्तर म्हणावं तर काटा खोटा. काटा खोटा तर सोमेश्वर चोर. त्याच्या पाठीला थंडी वाजत होती, शर्टाच्या आत, मणक्यापाशी. मागं वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही.

"दोनशे तीस," सोमेश्वर म्हणाला.

"म्हंजे बराबर आहे?"

"बिलकुल बराबर, साहेब."

तातेरावनं फाटक उघडलं.

रस्त्यात त्यानं दोनदा गाडी थांबवली, उतरला, सीटवर हात फिरवला. सीट मोकळी होती. मापाचं एखादं लोखंड प्लेटवर राहिलं असंल, तो म्हणाला. तीन मापं राहिली असतील. वीस त्रिक साठ. हिशोब जुळला तसं त्याला जरा बरं वाटलं. पेढे घेतले. चढाला स्कूटी ओढत नव्हती, पण पेट्रोलच खराब मिळतं हल्ली.

गल्लीत वळला तेव्हा ऊन होतं. आकांक्षा चपला घालून दारात उभी होती. त्याला बघून ती नेहमीसारखी पळत सुटली, हसत, दोन्ही हात पुढं करून. आणि चार पावलांवर थांबली.

"चल, बस," सोमेश्वर म्हणाला.

तिनं सीटकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं.

"पप्पा," ती म्हणाली, "मी कुठं बसू?"